टेनिसचा दमदार फोरहँड: जोर दंडातून नाही, पायापासून वर येतो

गावच्या मैदानात सिक्सर ठोकणारं पोरगं पहिल्यांदा टेनिसच्या कोर्टवर उतरतं, तेव्हा बहुतेक वेळा एकच गोष्ट घडते. अंगात ताकद भरपूर असते, कामाने मनगट तयार झालेलं असतं. रॅकेट जोरात फिरवली की चेंडू थेट मागच्या कुंपणावर जाऊन आदळतो. जोर कमी केला की नेटमध्ये अडकतो. अर्ध्या तासात पोरगं वैतागतं. तरीही हट्टाने तसंच मारत राहिलं, तर काही आठवड्यांत कोपर धरून बसायची वेळ येते.

शालेय स्पर्धांमध्ये लॉन टेनिस हा खेळ आहे. काही तालुक्यांच्या क्रीडा संकुलात एखादं कोर्टही असतं. पण रोज शिकवणारा प्रशिक्षक जवळपास मिळेलच असं नाही. त्यामुळे मुलं मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकतात. व्हिडिओत हात कसा फिरतो ते दिसतं. त्या हाताला जोर कुठून मिळतो, ते मात्र सहज दिसत नाही. नेमकं तेच समजलं तर फोरहँड सुधारतो आणि हातही वाचतो.

हा खेळ फक्त मोठ्या शहरातल्या मुलांचा, असंही समजायचं कारण नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे २०१४ च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झासोबत महिला दुहेरीचं कांस्यपदक घेऊन आली आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकमध्येही खेळली. महाराष्ट्राच्याच ऋतुजा भोसलेने २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं. खुद्द सानियाची ओळख तिच्या फोरहँडनेच झाली. त्याच फटक्याच्या बळावर ती २००५ मध्ये अमेरिकन ओपनच्या चौथ्या फेरीत पोहोचली आणि २००७ मध्ये एकेरीत जगात २७ व्या क्रमांकावर गेली.

फोरहँड म्हणजे नेमकं काय?

उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या उजव्या बाजूला चेंडू आला आणि त्याने तळहात चेंडूच्या दिशेने ठेवून फटका मारला, की तो फोरहँड. डाव्या बाजूला मारला तो बॅकहँड. डावखुऱ्यासाठी हे उलट. टेनिसमध्ये सर्व्हिसनंतर सगळ्यात जास्त गुण मिळवून देणारा फटका बहुतेक खेळाडूंसाठी हाच असतो. म्हणूनच बरेच खेळाडू बॅकहँडकडे आलेला चेंडूसुद्धा पळत बाजूला जाऊन फोरहँडनेच मारतात.

आता कोर्टची मापं बघू. टेनिस कोर्ट ७८ फूट लांब असतं. एकेरीसाठी रुंदी २७ फूट, दुहेरीसाठी ३६ फूट. नेट मध्यभागी ३ फूट उंच आणि दोन्ही खांबांजवळ साडेतीन फूट. म्हणजे चेंडूला तीन फुटांची भिंत ओलांडून पलीकडच्या ३९ फुटांतच पडायचं आहे. क्रिकेटमध्ये चेंडू सीमेपार गेला तर सहा धावा मिळतात. इथे रेषेच्या बाहेर गेला तर गुण समोरच्याला.

नुसता जोर का चालत नाही?

साधा हिशेब करू. हवेचा अडथळा क्षणभर बाजूला ठेवा. खेळाडू मागच्या रेषेवर उभा आहे आणि जमिनीपासून एक मीटर उंचीवर त्याने चेंडू मारला, कसलाही फिरकीचा परिणाम न देता.

चेंडूचा वेग ताशी १०० किलोमीटर असेल, तर तो नेटच्या वर सुमारे दीड फुटाच्या पट्ट्यातून गेला पाहिजे. त्यापेक्षा वरून गेला की बाहेर, खालून गेला की नेटमध्ये. दीड फूट म्हणजे सरावाने जमण्यासारखी जागा आहे.

आता वेग ताशी १४० करा. तोच पट्टा उरतो जेमतेम चार सेंटिमीटर. टेनिसच्या चेंडूचा व्यासच साडेसहा सेंटिमीटरपेक्षा जास्त असतो. म्हणजे नेटला जवळजवळ घासून गेला तरच तो आत पडणार. प्रत्यक्षात हवा चेंडूला थोडं अडवते, त्यामुळे जागा यापेक्षा जरा जास्त मिळते. पण गणिताचा अर्थ तोच राहतो. जितका जोर वाढवाल, तितकी चुकीला जागा कमी. पोराचा चेंडू एकदा कुंपणावर आणि एकदा नेटमध्ये का जातो, त्याचं उत्तर हेच.

मग मोठे खेळाडू इतक्या जोरात मारूनही चेंडू आत कसा ठेवतात? त्याचं उत्तर आहे टॉपस्पिन.

टॉपस्पिन: चेंडूला खाली ओढणारी फिरकी

बैलगाडीचं चाक पुढे जाताना जसं फिरतं, तशी फिरकी हवेत जाणाऱ्या चेंडूला दिली की तिला टॉपस्पिन म्हणतात. फिरणाऱ्या चेंडूला चिकटून थोडी हवाही फिरते. चेंडूची वरची बाजू समोरून येणाऱ्या हवेच्या विरोधात जाते आणि खालची बाजू हवेच्या दिशेने. याचा परिणाम असा, की चेंडूमागची हवा वरच्या बाजूला ढकलली जाते आणि चेंडू खाली दाबला जातो. क्रिकेटमध्ये चांगल्या फिरकी गोलंदाजाचा चेंडू फलंदाजासमोर अचानक 'डिप' होतो, त्यामागेही हाच नियम आहे.

टॉपस्पिन असला की चेंडू नेटच्या वर तीन-चार फुटांवरून नेला तरी चालतो, कारण पलीकडे जाऊन तो पटकन खाली येतो. शिवाय टप्पा पडल्यावर उसळून पुढे येतो. समोरच्याला खांद्याच्या उंचीवर चेंडू खेळावा लागतो आणि ते अवघड जातं.

स्पेनचा राफेल नदाल या बाबतीत सगळ्यांत पुढे होता. हाय-स्पीड कॅमेऱ्यांनी केलेल्या मोजणीत त्याच्या फोरहँडचा चेंडू मिनिटाला सरासरी ३,२०० च्या आसपास फेरे घेत होता आणि काही फटक्यांत हा आकडा ४,९०० पर्यंत गेला. रॉजर फेडररची सरासरी २,७०० च्या आसपास होती, तर आधीच्या पिढीतले पीट सॅम्प्रास आणि आंद्रे अगासी १,८०० ते १,९०० च्या घरात. नदालने फ्रेंच ओपन १४ वेळा जिंकली. लाल मातीच्या त्या कोर्टवर उसळणाऱ्या फोरहँडचा त्यात मोठा वाटा होता.

टॉपस्पिन कसा द्यायचा? रॅकेट चेंडूच्या खालून सुरू होऊन पुढे आणि वर गेली पाहिजे. धडकेच्या क्षणी रॅकेटचा चेहरा जवळजवळ उभा असतो आणि तारा चेंडूच्या मागच्या बाजूला खालून वर घासत जातात. बरेच जण इथेच चुकतात. चेंडू वर जावा म्हणून ते रॅकेटचा चेहरा आभाळाकडे उघडतात. त्याने चेंडू उचलला जातो, फिरकी मिळत नाही, आणि चेंडू बाहेर जातो. चेहरा उभा ठेवायचा, रस्ता खालून वर ठेवायचा, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम होतं.

पकड: सगळ्याची सुरुवात इथून

रॅकेटची मूठ गोल नसते, तिला आठ बाजू असतात. रॅकेट सुरी धरल्यासारखी उभी धरा, म्हणजे तिची कडा जमिनीकडे आणि चेहरा बाजूला. वरची बाजू पहिली. उजव्या हाताच्या खेळाडूने तिथून उजवीकडे मोजत जायचं. डावखुऱ्याने डावीकडे. आता तर्जनीच्या मुळाशी जो हाडाचा उंचवटा असतो, तो कितव्या बाजूवर बसतो, यावरून पकड ठरते.

तिसऱ्या बाजूवर बसला तर ईस्टर्न पकड. कुणाशी हस्तांदोलन करावं तशी रॅकेट धरली की हीच पकड येते. नवशिक्याला ही सोपी जाते आणि सपाट फटका छान बसतो.

चौथ्या बाजूवर बसला तर सेमी-वेस्टर्न. आजचे बहुतेक खेळाडू ही किंवा हिच्या जवळची पकड वापरतात. कमरेपासून छातीपर्यंत आलेला चेंडू हिने चांगला मारता येतो आणि टॉपस्पिन आपोआप मिळतो.

पाचव्या, म्हणजे अगदी खालच्या बाजूवर बसला तर वेस्टर्न. हिच्यात फिरकी खूप मिळते, पण खाली राहिलेला चेंडू मारायला त्रास होतो आणि मनगटावर ताण येतो.

नवीन मुलाने ईस्टर्नने सुरुवात करून हळूहळू सेमी-वेस्टर्नकडे सरकावं. पकड घट्ट आवळू नये. हातात चिमणीचं पिल्लू धरलंय असं समजा. सुटू नये इतकं धरायचं, पण गुदमरेल इतकं दाबायचं नाही. मूठ आवळली की कोपरापर्यंतचे स्नायू ताठ होतात आणि रॅकेटचा वेगच मरतो.

गोफण ज्याला कळली, त्याला फोरहँड कळला

ज्वारीच्या शेतात पाखरं राखताना गोफण फिरवलेला माणूस फोरहँडचं मर्म लगेच ओळखेल. गोफणीत हात आधी पुढे जातो. दोरी मागे राहते. दोरीच्या टोकाला असलेला दगड सगळ्यांत मागे. हाताची गती दोरीत आणि दोरीची दगडात जाते, म्हणून दगड नुसत्या हाताने फेकल्यापेक्षा कितीतरी लांब जातो. दोरीच्या जागी ताठ काठी असती, तर तो झटका मिळाला नसता.

फोरहँडमध्ये हीच साखळी चालते. पाय जमिनीला रेटतात. त्या रेट्याने कंबर फिरते. कमरेमागून छाती आणि खांदे फिरतात. खांद्यामागून दंड, मग हात, आणि सगळ्यांत शेवटी रॅकेट. प्रत्येक भाग आधीच्यापेक्षा जरा उशिरा आणि जरा वेगाने निघतो. कंबर फिरायला लागते तेव्हा रॅकेटचं टोक अजून मागेच राहिलेलं असतं आणि मनगट मागे दुमडलेलं असतं. हे मनगट मुद्दाम दुमडायचं नसतं. हात सैल असला की रॅकेटच्या वजनाने ते आपोआप मागे जातं.

ही साखळी कुठेही तुटली, तर उरलेलं काम खांद्याला, कोपराला आणि मनगटाला करावं लागतं. पाय रोवून, छाती समोर ठेवून फक्त हाताने मारणारा मुलगा नेमकं हेच करत असतो. दहा फटके तो जोरात मारतो. शंभर मारले की दुखणं सुरू.

पायरी पायरीने फटका

पहिली पायरी, तयारी. गुडघे किंचित वाकलेले, वजन चवड्यांवर, रॅकेट पोटासमोर, डावा हात रॅकेटच्या मानेवर. समोरचा खेळाडू चेंडू मारतो त्याच क्षणी जागच्या जागी छोटी उडी घ्यायची. कबड्डीत चढाई करणारा आत आल्यावर बचाव करणारे जसे पायावर हलते राहतात, तसंच. उडी घेऊन पाय टेकले की कुठल्याही दिशेला लगेच निघता येतं.

दुसरी पायरी, खांदे वळवणं. चेंडू उजवीकडे येतोय हे कळलं की रॅकेट मागे ओढण्याआधी खांदे आणि कंबर वळवा. डावा हात रॅकेटवरच राहू द्या, म्हणजे खांदा आपोआप वळेल. मग डावा हात सोडून चेंडूच्या दिशेने आडवा धरा. हे सगळं चेंडू नेट ओलांडायच्या आत झालं पाहिजे. जोरात आलेला चेंडू एका बाजूच्या मागच्या रेषेपासून दुसऱ्या बाजूला यायला साधारण एक सेकंद घेतो. टप्पा पडल्यावर तयारी करायला गेलं तर उशीर ठरलेलाच.

तिसरी पायरी, पाय. सुरुवातीला डावा पाय पुढे टाकून मारायला शिका. वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर जाताना स्पष्ट जाणवतं. जमायला लागलं की उजव्या पायावर बसून, पाय समोर उघडे ठेवूनही मारता येतं. व्हिडिओत मोठे खेळाडू बहुतेक वेळा असेच मारताना दिसतात. पण त्यांचे खांदे तेव्हाही पूर्ण वळलेले असतात. मुलं पायांची नक्कल करतात आणि खांदे विसरतात.

चौथी पायरी, रॅकेट खाली सोडणं. मागे गेलेली रॅकेट छोटा वळसा घेऊन चेंडूच्या उंचीपेक्षा खाली येते. इथे हात सैल. रॅकेट जणू स्वतःच्या वजनाने खाली पडतेय.

पाचवी पायरी, धडक. चेंडू शरीराच्या पुढे, कमरेच्या आसपासच्या उंचीवर आणि अंगापासून हातभर लांब असताना भेटला पाहिजे. अगदी अंगाजवळ आला तर कोपर पोटात अडकतं. मागे राहिला तर साखळीचा सगळा जोर वाया जातो. तारांचा आणि चेंडूचा संपर्क सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजायचा, चार ते पाच एवढाच असतो. त्या वेळात काही बदल करणं माणसाच्या हातात नाही. जे काही करायचं ते आधी केलेलं असावं लागतं. डोकं मात्र स्थिर ठेवायचं आणि नजर धडकेच्या जागेवर. चेंडू कुठे गेला ते बघण्याची घाई केली की खांदा आधीच उघडतो.

सहावी पायरी, फटका पूर्ण करणं. चेंडू गेल्यावर रॅकेट थांबवायची नाही. ती पुढे आणि वर जाऊन डाव्या खांद्याकडे पोहोचते. दंड खांद्यातून आतल्या बाजूला फिरतो, त्यामुळे शेवटी कोपर पुढे आलेलं दिसतं. मध्येच ब्रेक लावला तर तो झटका कोपर सहन करतं.

क्रिकेटच्या सवयी, कामाच्या आणि नडणाऱ्या

क्रिकेट खेळणाऱ्या मुलाची नजर तयार असते. टप्पा कुठे पडणार याचा अंदाज त्याला लवकर येतो. अंतरावरून चेंडू फेकणाऱ्या मुलाला कंबर आणि खांदा वळवणंही माहीत असतं. या जमेच्या बाजू.

नडतं ते असं. बॅट जड असते आणि ती घट्ट धरायची सवय असते. रॅकेट साधारण २५० ते ३०० ग्रॅमची. तिला तशी पकड नको. दुसरं, क्रिकेटमध्ये चेंडू एकदा टोलवला की काम झालं. टेनिसमध्ये तोच चेंडू परत येतो, म्हणून फटका मारून उभं राहून बघायचं नाही, लगेच मधल्या जागेकडे परतायचं. तिसरं, पुल मारताना मनगट आडवं फिरवायची सवय. फोरहँडमध्ये तसं केलं की चेंडू डावीकडे बाहेर जातो.

दुखणं सुरू झालं तर

कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर त्याला साधारणपणे टेनिस एल्बो म्हणतात. तो चुकीच्या बॅकहँडनेही होतो. आतल्या बाजूला दुखत असेल तर मनगटाचा झटका देऊन मारलेला फोरहँड किंवा सर्व्हिस हे कारण असू शकतं. मनगटाचं दुखणं तर मोठ्या खेळाडूंनाही सुटलेलं नाही. सानिया मिर्झाच्या उजव्या मनगटावर २००८ मध्ये शस्त्रक्रिया झाली. २००९ ची अमेरिकन ओपन जिंकणाऱ्या अर्जेंटिनाच्या हुआन मार्टिन देल पोत्रोच्या दोन्ही मनगटांवर शस्त्रक्रिया झाल्या.

दुखायला लागलं की फटक्यांची संख्या लगेच कमी करा, गरज वाटली तर खेळ थांबवा. 'खेळता खेळता मोकळं होईल' हा विचार महागात पडतो. चहाचा कप उचलताना किंवा दाराची कडी फिरवताना कळ येत असेल, किंवा आठवडाभर विश्रांती घेऊनही दुखणं कायम असेल, तर हाडांच्या डॉक्टरला किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. हाताला हिसका देऊन 'नस बसवणाऱ्या'कडे नेऊ नका. दहावी-बारावीच्या वर्षात लिहिण्याचा हात जायबंदी झाला, तर नुकसान खेळापुरतं राहत नाही.

चेंडू आणि रॅकेट: इथे फसगत होते

गावात 'टेनिस बॉल' म्हटलं की अनेकदा क्रिकेटचा जड चेंडू मिळतो. तो लॉन टेनिससाठी वापरू नका. नियमाप्रमाणे टेनिसच्या चेंडूचं वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम असतं. शंका असेल तर दुकानातल्या डिजिटल काट्यावर ठेवून बघा. जड चेंडू रॅकेटवर आदळला की प्रत्येक फटक्याचा हादरा कोपराला बसतो.

जुना, हवा गेलेला चेंडूही त्रासाचाच. नियमानुसार चेंडू २५४ सेंटिमीटरवरून टाकला तर १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. घरी बघायचं तर सहा फुटांवरून कडक जमिनीवर सोडा. तीन फुटांच्या वर उसळला तर ठीक. त्यापेक्षा कमी उसळला तर तो 'मेलेला' चेंडू. तो पलीकडे न्यायला मुलं नाहक जास्त जोर लावतात.

रॅकेट घेताना महागडं नाव बघण्याआधी मूठ बघा. रॅकेट हातात धरल्यावर बोटांची टोकं आणि तळहात यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचं एक बोट बसलं पाहिजे. जागाच उरत नसेल तर मूठ बारीक आहे, खूप उरत असेल तर जाड. मोठ्यांची रॅकेट २७ इंची असते. लहान मुलांसाठी १९ ते २६ इंचांपर्यंत वेगवेगळी मापं मिळतात. 'पुढे वाढेल, मग कामाला येईल' म्हणून शाळेच्या गणवेशासारखी मोठी रॅकेट घेऊ नये. लांब आणि जड रॅकेट आठ वर्षांच्या मुलाला साखळी शिकूच देत नाही, कारण तिला उचलण्यातच त्याची ताकद संपते.

दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हळू चालणारे चेंडू मिळतात. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे ७५ टक्के मंद, केशरी ५० टक्के आणि हिरव्या ठिपक्याचा २५ टक्के मंद असतो. लाल चेंडूचं कोर्ट ३६ फूट आणि केशरीचं ६० फूट लांब असतं. दहा वर्षांखालच्या स्पर्धांमध्ये नेहमीचा पिवळा चेंडू वापरायचा नाही, असा आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा नियम २०१२ पासून लागू आहे. ३६ फूट म्हणजे शाळेचं अंगणसुद्धा पुरतं.

कोर्ट नसेल तर भिंत आहे

शाळेची किंवा गोदामाची खिडक्या नसलेली भिंत आणि समोर सपाट, कडक जमीन, एवढ्यावर फोरहँडचा बराच सराव होतो. मालकाची किंवा मुख्याध्यापकांची परवानगी मात्र आधी घ्यावी.

भिंतीवर जमिनीपासून तीन फुटांवर खडूने आडवी रेघ ओढा. हे तुमचं नेट. त्याच्या वर तीन फुटांवर दुसरी रेघ. चेंडू या दोन रेघांच्या मध्ये लागला पाहिजे.

पहिला आठवडा रॅकेटशिवाय. चेंडू दोन्ही हातांनी धरून खांदे वळवा आणि कमरेच्या जोराने भिंतीवर फेका. रोज २० वेळा. जोर पायातून येतो हे शरीराला कळेल.

दुसरा आठवडा डाव्या हाताने चेंडू सोडून, एक टप्पा पडू देऊन मारा. भिंतीपासून २० फुटांवर उभे राहा. एक चेंडू मारला की थांबा, पकड तपासा, मग दुसरा. रोज ५० फटके पुरे.

तिसऱ्या आठवड्यापासून परत येणारा चेंडू सलग मारा. दोन टप्पे पडले तरी चालतील. आधी सलग पाच, मग दहा. वेगाने मारायच्या मोहात पडू नका. पूर्ण ताकदीच्या निम्म्या जोरात, दहापैकी आठ फटके दोन रेघांमध्ये बसायला लागले की मग जोर वाढवायचा.

सोबत मोबाइल आहेच. तो बाजूला विटेच्या आधाराने उभा करून स्लो-मोशनमध्ये दहा फटके टिपा. बघताना तीन प्रश्न विचारा. चेंडू टप्पा पडायच्या आधी खांदे वळले होते का? धडक शरीराच्या पुढे झाली का? रॅकेट शेवटी खांद्यापर्यंत गेली का? तीनपैकी ज्याचं उत्तर 'नाही', तेवढीच एक गोष्ट पुढच्या दिवशी सुधारायची. सगळं एकदम सुधारायला गेलं की काहीच सुधारत नाही.

पालकांनीही एक खूण लक्षात ठेवावी. फटका बरोबर बसतो तेव्हा आवाज स्वच्छ येतो, हाताला हादरा जाणवत नाही आणि मूल म्हणतं की 'जोर न लावताच गेला'. असे फटके वाढत असतील तर सराव योग्य दिशेने चाललाय. दंड दुखतोय पण चेंडू जात नाही, अशी तक्रार असेल, तर सराव वाढवण्याआधी पाय आणि खांदे तपासा.